कवितेची सावड

दर रविवारी संध्याकाळी पाचला देवळाली प्रवऱ्यातल्या एका चहाच्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत सहा माणसं जमतात. खोलीत एरवी साखरेची पोती, गॅसच्या रिकाम्या टाक्या आणि लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या कढया असतात. सहावा माणूस आत आला की मालक मधलं दार ओढून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत पत्ते चाललेत. एकदा एक गृहस्थ खरोखरच "मलाबी वाटा" म्हणत, खिशात हात घालून आत आले. समोर गुरुजी डोळे मिटून शार्दूलविक्रीडितात पावसाळा उभा करत होते. गृहस्थ उलट्या पावली बाहेर गेले आणि मालकाला म्हणाले, "पत्त्यावर निदान धाड तरी पडती. ह्यांचं काय करायचं?"

आम्ही कवी आहोत. नियम साधा आहे : प्रत्येकाने दोन कविता वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या, मग बोलायचं. मी पतसंस्थेत कारकून असल्यामुळे पहिल्याच रविवारी हिशेब मांडून बसलो. सहा जणांच्या दोन-दोन म्हणजे बारा. त्यांतल्या दोन माझ्या. म्हणजे स्वतःच्या दोन ऐकवायच्या तर दुसऱ्यांच्या दहा ऐकाव्या लागतात. एकास पाच. एवढं व्याज आमची पतसंस्थासुद्धा घेत नाही.

रानात ह्याला सावड म्हणतात. आज माझ्या कांद्याची लागण, तर तुमच्या घरची चार माणसं माझ्या वाफ्यात. परवा तुमची लागण, तर माझी चार तुमच्या वाफ्यात. पैशाची देवघेव नाही, कागदावर सही नाही, पण कोण कुणाचं किती देणं लागतो हे साऱ्या आळीला तोंडपाठ. कवितेचंही तसंच आहे. तुम्ही माझ्या गजलेला मान डोलावलीत, तर तुमच्या पोवाड्याला मी मांडीवर थाप मारायला बांधलेलो. आणि सावडीत सगळ्यांत मोठा गुन्हा कोणता, तर आपली लागण उरकून घेऊन दुसऱ्याच्या दिवशी पाठ दुखणं.

हा गुन्हा आमच्यात कंपाउंडरांनी लागोपाठ तीन रविवार केला. ते गजल लिहितात आणि टोपणनाव दर सहा महिन्यांनी बदलतात. पहिल्या नंबरावर वाचायचं, दुसऱ्या गजलेचा शेवटचा शेर झाला की खिशातला फोन वाजायचा. "दवाखान्यातून आहे, इमर्जन्सी आहे," म्हणून पसार. चौथ्या रविवारी डॉक्टर स्वतःच बाहेर बाकावर चहा पिताना दिसले आणि इमर्जन्सी उघडी पडली. तेव्हापासून कंपाउंडर शेवटी वाचतात. गजल त्यामुळे सुधारली नाही, पण उपस्थिती सुधारली.

खऱ्या अडचणी मात्र आम्ही मान्य करतो. पहिली, लाइटीची. शेतीच्या पंपाची लाइट एक आठवडा दिवसाची असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात अर्धे कवी दारं धरायला रानात, आणि आपल्याकडच्या निसर्गकवितेत चांदण्याचा एवढा सुकाळ का, ह्याचं उत्तर मला तरी तिथेच मिळालं. दुसरी अडचण बिबट्याची. उसात बिबट्या दिसल्याची बातमी आली की सभा साडेसहालाच संपते. कवींना वेळेचं भान नसतं म्हणणाऱ्या तमाम सूत्रसंचालकांनी हा उपाय करून पाहावा. गुरुजींचं दीर्घकाव्य चौथ्या सर्गात थांबवणं आमच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं. बिबट्याला जमलं.

आता गावाचं सांगतो, कारण त्याचाही घोळ आहे. देवळाली म्हटलं की महाराष्ट्राला नाशिकची देवळाली आठवते. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली. नगरपरिषद आहे, चोहोबाजूंनी ऊस आहे, आणि नावात प्रवरा आहे ती केवळ ओळख पटावी म्हणून लावली असावी, अशी माझी शंका आहे. तरी ओळख पटत नाही. एका पाहुण्या कवींना आम्ही मोठ्या हौसेने अध्यक्ष म्हणून बोलावलं. सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला, "मी देवळालीत पोचलोय. समोर तोफ दिसतेय. मांडव कुठंय?" तोफखान्याच्या शाळेसमोर शाल-श्रीफळाची वाट बघत उभे होते बिचारे. दोन देवळालींच्या मधे सिन्नर येतं, शिर्डी येतं, कोल्हार येतं. ते पोचले तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. त्यांनी तेवढ्यातही तीन कविता वाचल्या.

त्या नाशिकच्या देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिला आहे, हे मला आमच्यातल्या कॉलेजातल्या पोराने सांगितलं. इंग्रजांच्या काळात गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला ते 'डूलाली' म्हणू लागले. त्यांना वेड लागायला निदान जहाज उशिरा यावं लागे. आमच्या देवळालीत नुसता रविवार यावा लागतो.

पण प्रवरेच्या काठाला कविता सांगण्या-ऐकण्याचा जो वारसा आहे, त्याच्यापुढे नाशिककरांनीही हात जोडावेत. हीच प्रवरा खाली नेवाशाला जाते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. टेकायला पैसाचा खांब, समोर संतसज्जनांची सभा, सभेत साक्षात थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ, आणि लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. मला ह्या प्रसंगाचं एकच अप्रूप वाटतं. नऊ हजारांहून जास्त ओव्या होत्या, आणि श्रोते उठून गेले नाहीत! बरं, माउलींनाही लक्ष द्या म्हणून विनवावं लागलंच. नवव्या अध्यायाच्या तोंडीच श्रोत्यांकडे अवधान मागितलेलं आहे. श्रोतेही गप्प बसणारे नव्हते. ते मधे बोलतात, आणि तेही ओव्यांत आलेलं आहे. ज्यांच्या शब्दाला अमृत पैज हरतं, त्यांची ही तऱ्हा, तर कंपाउंडरांची काय कथा?

सच्चिदानंदबाबांबद्दल आख्यायिका आहे की ते मरण पावले होते आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवलं. भाविक ह्यात चमत्कार पाहतात. मला ह्यात एक व्यावहारिक अडचण दिसते. चांगला ऐकणारा माणूस त्या काळीही इतका दुर्मीळ होता, की मिळाला तर मरणाच्या दारातून परत आणणं परवडायचं.

दुसरा वारसा तर आमच्या तालुक्यातलाच. ताहाराबादचे महिपती, जन्म १७१५, वारले १७९०. कुलकर्णीपण सांभाळणारा माणूस. पूजेला बसलेले असताना सरकारी बोलावणं आलं, तेव्हापासून लेखणी फक्त पांडुरंगाच्या कामाला लावली, असं सांगतात. कारकून असूनही मी अजून ते धाडस केलेलं नाही, हप्ते आहेत. ह्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' लिहिला, पुढे 'भक्तलीलामृत' लिहिलं. आयुष्यभर केलं काय, तर दुसऱ्या कवींच्या गोष्टी सांगितल्या. नामदेव, कबीर, जनाबाई, चोखोबा, एकनाथ, तुकोबा. वर नाभाजी आणि उद्धवचिद्घन ह्यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचं ऋणही मोकळेपणी सांगून टाकलं. आपली शाई दुसऱ्या कवींसाठी खर्चणारा एवढा मोठा कवी ज्या तालुक्यात होऊन गेला, त्याच तालुक्यात आम्ही सहा जण दुसऱ्याची कविता चालू असताना आपल्या वहीतलं पान शोधत असतो.

श्रावणात घरोघर पोथी लागायची, तेव्हा एक जण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. माझ्या लहानपणी आमच्या आळीला अर्थ सांगणारे एक आजोबा होते. ओवीत राजा सिंहासनावर बसला, की आजोबा त्याला आमच्या तलाठ्याच्या खुर्चीची उपमा द्यायचे. भक्ताच्या घरी दाणा नाही म्हटलं, की बाहत्तरच्या दुष्काळातली सुकडी काढायचे. वाचणारा शुद्ध वाचायचा, पण बायका डोळे पुसायच्या त्या आजोबांच्या बोलण्याला. कवितेवरची चर्चा मी एवढी चांगली पुढे कुठेच ऐकली नाही. आमच्या रविवारी तर नाहीच.

आमच्या रविवारी चर्चा कशी होते? गुरुजी म्हणतात, "प्रयत्न स्तुत्य आहे." हे ते कुणालाही म्हणतात, एकदा चहालाही म्हणाले होते. कंपाउंडर दर दुसऱ्या ओळीला 'क्या बात है' म्हणतात, अगदी 'माझी आई वारली त्या दिवशी' ह्या ओळीलासुद्धा. निवृत्त कंडक्टरकाका पोवाडे लिहितात. त्यांचा सगळ्यांना एकच सल्ला, "आवाज मागच्या शिटापर्यंत गेला पाहिजे." कॉलेजातला पोरगा मुक्तछंदात लिहितो आणि समोरासमोर बसलेला असतानाही अभिप्राय फोनवर अंगठा पाठवून देतो. माझा शब्द 'छान'. मी तो तीन तऱ्हांनी म्हणतो. लांबवून म्हटला तर मला कळली, तोडून म्हटला तर कळली नाही, आणि वाचणाऱ्याचं संपायच्या आधीच म्हटला तर माझा नंबर आला आहे.

सहाव्या, अंगणवाडीच्या ताई. त्या चार ओळींच्या वर लिहीत नाहीत आणि चारांतली एखादी ओळ अशी असते, की घरी जाताना सायकलवर आठवते. त्या कुणाला छान म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, "दादा, ती तिसरी ओळ परत वाचता का?" आता ती ओळ आवडली म्हणून परत वाचायची, की चुकली म्हणून, हे अकरा वर्षांत एकालाही कळलेलं नाही. परत वाचताना मात्र आपलं आपल्याला बहुतेक कळतं.

कवींनी कवींना ऐकवायचं हे खूळ नवं नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. ते नगर असताना तिथे रेव्हरंड टिळकांचं घर होतं, आणि त्या घरात बालकवी ठोमरे मुक्कामाला असत. १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, तिथे सतरा वर्षांच्या ह्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर ह्यांनी 'बालकवी' ही पदवी दिली. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्याच कविसंमेलनात एका पोराचं नाव कायमचं बदललं. आमचे कंपाउंडर तेच काम स्वखर्चाने करतात. कवी घरात ठेवून घेणं म्हणजे काय, हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढावीत. दोन कवींचा संसार एका चुलीवर कसा चालतो, हे तिथे एका तिसऱ्या कवीने लिहिलं आहे, आणि ती चूल तिचीच होती.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि मंडळी रविवारी चहाला जमायची आणि कविता वाचायची. सात पुरुष आणि एक मनोरमाबाई रानडे, म्हणून लोक त्यांना सप्तर्षी आणि अरुंधती म्हणत. आमच्याकडे पाच पुरुष आणि ताई. ऋषी दोन कमी पडतात, चहा मात्र तोच. आणि मंडळाच्या कवितेची चेष्टा करायला १९२५ साली अत्र्यांनी 'झेंडूची फुले' आणली, तशी आमची करायला अजून कुणी पुढे आलेलं नाही. हे आम्हाला फार लागतं. चेष्टा व्हायला आधी कुणीतरी वाचावं लागतं.

पुढे विंदा, बापट आणि पाडगावकर ह्या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून कविता वाचल्या, आणि ऐकायला सभागृहं भरली. तीन कवी आणि समोर हजारभर श्रोते. हे प्रमाण मी वहीत मांडून पाहिलं आणि पान मिटलं. कंडक्टरकाका मात्र त्या परंपरेचे साक्षीदार आहेत. १९९७ साली नगरला सत्तरावं साहित्य संमेलन भरलं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. काका ड्युटीवर होते. गाडी नगरला लावली आणि "जरा बघून येतो" म्हणून मांडवात शिरले. कवी असे रंगले, की काकांची परतीची गाडी चुकली. कंडक्टर तेच असल्यामुळे गाडीही सुटली नाही. पन्नास उतारू स्टँडवर आणि काका टाळ्या वाजवताहेत. ही हकीकत ते स्वतःच सांगतात, आणि दर वेळी उतारू वाढत जातात.

हल्लीच्या संमेलनांचं मी फार सांगत नाही, कारण आपण सगळेच तिथे गेलेलो आहोत. एक निमंत्रण मला आलं होतं : 'राज्यस्तरीय काव्यमहोत्सव, सहभाग शुल्क पाचशे, प्रमाणपत्र, ट्रॉफी व चहा-नाष्टा.' पाचशे भरले. तिथे गेलो तर एकशे चाळीस कवी आणि प्रत्येकाला दोन मिनिटं. समोरच्या खुर्च्यांत बसले होते ते पुढचे एकशे एकोणचाळीस. प्रत्येक जण वाचून झालं की ट्रॉफी घेऊन सरळ स्टँडवर. सावडीचा नियम माहीत नसलेली माणसं, दुसरं काय! माझा नंबर एकशे अडतिसावा होता. मी वाचलं तेव्हा समोर तिघे होते. दोघांची वाचायची राहिली होती, तिसरा साउंडवाला. त्याने माझ्या दुसऱ्या कडव्याला मान हलवली. मी भारावलो. नंतर कळलं, त्याच्या कानात वेगळं गाणं चालू होतं. ट्रॉफीवर माझं नाव बरोबर होतं, आडनाव दुसऱ्याचं होतं. ज्याचं होतं त्याच्याकडे माझं असेल, म्हणून मी तक्रार केली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते आबांचं.

डिसेंबरातली थंडी होती. रात्रीच्या लाइटीचा आठवडा. एक म्हातारे शेतकरी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, लाइट यायला अवकाश म्हणून उबेला मागच्या खोलीत येऊन साखरेच्या पोत्यावर बसले. आम्ही त्यांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझा नंबर होता. नवी कविता, तीन रात्री जागून केलेली. उसाला तुरा आलाय, वर चांदणं आहे, आणि ते पांढरे तुरे मिरवत अख्खं रान नवरदेवासारखं उभं आहे, वारा सनई वाजवतोय, असा एकूण थाट. वाचून झाली. गुरुजी म्हणाले, स्तुत्य. कंपाउंडर म्हणाले, क्या बात. फोनवर अंगठा आला. तेवढ्यात पोत्यावरून आवाज आला, "भाऊसाहेब, ऊस कुणाचा म्हणायचा हा?"

"कवितेतला आहे आबा."

"ते कळलं. वाण कोणता? २६५ का ८६०३२?"

मी म्हटलं, कवितेत वाण नसतो.

"मग तुरा कशाला आला?" आबा जरा पुढे सरकले. "आन तोड कधीची मिळालीय?"

तोड मिळालेली नव्हती. कवितेत तोडीचा विचारच नव्हता.

"आसं कसं भाऊसाहेब? तुरा आला म्हंजी वाढ थांबली. पांगशा फुटत्यात, आत दशी पडती, वजन घटतं. मपल्या रानात तुरा आला, तव्हा आमची म्हातारी दोन दिवस नीट जेवली नाय. आन तुम्ही त्याची वरात काढली?"

खोलीत एकदम शांतता. कंपाउंडर सवयीने "क्या ब..." पर्यंत आले आणि थांबले. मला राग आला. घरी जाताना वाटेवर दोन्ही बाजूंना तुरे होते आणि चांदणंही होतं. मी पतसंस्थेत उसावरची कर्जं रोज बघतो, कुणाचा ऊस किती टनाला बसला ह्याचे आकडे माझ्याच हाताने चढवतो, आणि रात्री घरी येऊन त्याच उसाला बाशिंग बांधतो, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. जवळच कृषी विद्यापीठ आहे, १९६८ पासून. तिथे प्रत्येक वाण प्लॉटवर लावून, पारखून मग शेतकऱ्याच्या हाती जातो. कविता मात्र आम्ही थेट बांधावर सोडतो.

पुढच्या रविवारी तीच कविता फिरवून आणली. नवरदेव तोच, तुरा तोच, चांदणं तेच. पण तोडीची चिठ्ठी काही येत नाही, मुकादमाचा फोन लागत नाही, आणि नवरदेव तुरा लावून उभ्या उभ्या वाळत चाललाय. वाचून झाल्यावर ताईंनी तिसरी ओळ परत मागितली नाही. म्हणाल्या, "सगळीच परत वाचा, दादा." अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी हळूच पोत्याकडे पाहिलं. आबा म्हणाले, "आता खरं हाय. पर लांबलीय."

त्या दिवसापासून आमचं सगळ्यांचं तोंड फिरलं. वाचायचं ते पोत्याकडे बघून. गुरुजींच्या पावसाळ्यात मोर नाचला की आबा विचारायचे, "नक्षत्र कोणतं?" गुरुजींनी पंचांग घेतलं आणि पाऊस जूनमधून काढून हस्तात नेला. कंपाउंडरांच्या गजलेत दर शेराला कुणीतरी जहर प्यायचं. आबांनी एकदाच विचारलं, "मंग तो पुढल्या कडव्यात बोलतो कसा?" दोन महिने कंपाउंडरांच्या गजलेत सगळे जिवंत राहिले. कंडक्टरकाकांच्या पोवाड्यातला घोडा एका दमात रायगडाहून कुठच्या कुठे जायचा. आबांनी घोड्याला मधे वैरण-पाणी करायला लावलं. पोरग्याला ते म्हणाले, "बाळा, तुझं मला काय कळत नाय, पर तू वाचताना घाबरतो. खरं असलं की मानूस घाबरतोच." पोरग्याने त्या रविवारी फोन खिशात ठेवला.

आबा सावडीत नव्हते, हीच सगळी गंमत होती. त्यांना कुणाचं देणं नव्हतं, कुणाकडून येणं नव्हतं. त्यांना स्वतःची कविता आम्हाला ऐकवायची नव्हती, म्हणून आमच्या कवितेला ते भीत नव्हते. चहा मात्र ते आमच्या पैशाने प्यायचे. एवढी स्वस्त समीक्षा महाराष्ट्रात दुसरीकडे नसेल.

आणि इथे आमच्याकडून चूक झाली. कोण म्हणालं आता कुणी कबूल करत नाही, पण कुणीतरी म्हणालं, "आबा, तुम्हीपण लिहा की."

दीड महिन्यापूर्वीच्या रविवारी, गुरुजींची झाली, माझी झाली, आणि आबांनी बंडीच्या खिशातून चौघडी कागद काढला. पाठीमागे खताच्या दुकानाची पावती होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी बिबट्यावर कविता वाचली. बिबट्याला त्यांनी वनराज म्हटलं होतं. उसातल्या बिबट्याला, वनराज! शेवटच्या कडव्यात वारा सनई वाजवत होता. मी तोंड उघडलं, आणि आठवलं की पुढच्या रविवारी माझी नवी आहे. ताईंनीसुद्धा ओळ परत मागितली नाही. मी म्हटलं, "छान." लांबवून.

आबांचा चेहरा असा फुलला, की बघवेना. मग कंपाउंडरांनी गजल वाचली. दुसऱ्याच शेरात एक जण जहर प्यायला आणि चौथ्यात बोलू लागला. आम्ही सगळे पोत्याकडे बघत राहिलो. आबांचं लक्ष आपल्या कागदाकडे होतं. गजल संपली तशी मान वर करून म्हणाले, "छान."

आता आम्ही सात आहोत. हिशेब बदलला : दोन ऐकवायच्या तर बारा ऐकायच्या. पोतं रिकामं आहे.

तरी ज्यांना शक्य असेल त्यांनी रविवारी यावं. बसायला साखरेचं पोतं मिळेल, चहा आमच्याकडून, बिबट्याची बातमी असेल तर घरापर्यंत सोबतही देऊ. कविता कळलीच पाहिजे अशी अट नाही. उसातलं, पावसातलं, माणसातलं थोडं कळत असलं तरी पुरे. राहुरी फॅक्टरीला उतरा आणि देवळाली प्रवरा विचारा. नाशिकच्या गाडीत बसू नका. आणि कृपा करून येताना वही आणू नका.